खारा वारा, चढउतार आणि बिनगिअरची क्रूझर सायकल : कुठली घ्यावी, काय बदलावं?

पोफळवाडी – १२ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. डोंबिवलीतली २२ वर्षं आवरून गेल्या दिवाळीत आम्ही गुहागरला, खालच्या पाटात, सासऱ्यांच्या घरी कायमचे राहायला आलो. माझं वय ४६, उंची पाच फूट दोन इंच, डावा गुडघा अधूनमधून दुखतो. सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात. आता पुन्हा चालवायची आहे. बाजार, वाचनालय, बँक, दूध आणि आठवड्यातून दोनदा पालशेतला मावशींकडे, एवढंच फिरणं. बाजाराची वाट माडापोफळीतून जाते, एकदम सपाट. पालशेतकडे मात्र चढ आहेत.

ताठ बसून चालवता येईल अशी, रुंद सीटची, जाड टायरची सायकल, म्हणजे क्रूझर, हवी. गिअर नकोत, हे मी ठरवलंय. भाच्याची गिअरची सायकल गेल्या पावसाळ्यात आमच्या पडवीत होती. गणपतीला तो आला तेव्हा गिअरची केबल नळीत गंजून बसली होती आणि मागचा गिअर बदलणारा सांधा हलेना. सायकल पावसात भिजली नव्हती, नुसत्या हवेनं हे झालं.

दोन पर्याय समोर आहेत. एक, चिपळुणात पाहिलेली नवी बिनगिअरची सायकल, दोन्ही ब्रेक हाताचे. दुसरा, गावातल्या एका होमस्टेवाल्यांकडची जुनी परदेशी क्रूझर. ते धंदा बंद करतायत आणि सायकल ६५०० ला देतायत. तिला मागचा ब्रेक पायडल उलट दाबून लागतो, पुढे ब्रेकच नाही. टायरवर २६ x २.१२५ लिहिलंय. चालवून पाहिली तर झुल्यात बसल्यासारखं वाटलं. मन तिच्यावरच आहे, पण मनाचं ऐकून पैसे घालवायचे नाहीत. अनुभवी मंडळींनी सांगावं.

छर्रा – १२ फेब्रुवारी

ताई, जुन्या सायकलच्या रंगावर जाऊ नका. मी ३० वर्षं रत्नागिरीत सायकली उघडल्या आहेत. समुद्राकाठची सायकल बाहेरून झकास आणि आतून खल्लास असते. बघायला जाल तेव्हा एवढं करा.

सीटचा नट सैल करून सीट वर ओढा. नळी वर आली तर निम्मी काळजी गेली. जाम असेल तर सोडून द्या. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची नळी असेल आणि मध्ये ग्रीस नसेल, तर खाऱ्या दमट हवेत दोन धातू एकमेकांना धरून बसतात. मग कापून काढण्याशिवाय इलाज राहत नाही.

मग सायकल उलटी करा. क्रँकच्या (पायडलं बसतात त्या दांड्याच्या) खाली, फ्रेमच्या पोटात छोटं भोक असतं, पाणी निघून जायला. ते मातीनं बुजलंय का बघा. टाचणीनं उकरल्यावर तपकिरी भुकटी नुसती पडतच राहिली तर फ्रेम आतून खाल्ली गेली आहे. हँडलखालचा जोड आणि मागच्या चाकाजवळचे जोड नखानं खरवडा. रंगाखाली फुगवटा असेल तर तिथे गंज आहे.

चाक उचलून फिरवा. रिम डावीउजवीकडे नाचत असेल तर घाबरू नका, आउट काढता येतो. आरे मात्र बोटानं चोळून बघा. वरवरचा गंज पुसला जातो, पण जिथे आरा रिममध्ये शिरतो तिथलं निप्पल (आऱ्याचा नट) खाल्लेलं असेल तर आउट काढताना आरे पटापट तुटतील. तसं असेल तर चाक पुन्हा विणायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

आणि क्रँक बघा. डावा-उजवा मिळून एकच वाकवलेली सळई आहे, की दोन वेगळे? तेवढं सांगा, मग पुढचं बोलू.

घाटमाथा – १३ फेब्रुवारी

पोफळवाडी, तुमचा उत्साह मोडायचा नाही, पण मी पुण्याहून दरवर्षी किनाऱ्यानं सायकल नेतो, म्हणून कळकळीनं सांगतो. कोकण नकाशात सपाट दिसतं. रेवस-रेड्डी सागरी मार्गावर प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढायचं. क्रूझर ही मुळात सपाट किनारी गावांची, जड सायकल. तिला पुढे साधारण ४४ दाते असतात आणि मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल जवळपास ५ मीटर जाते. सपाटीवर फार छान. चढावर गुडघ्याचं भजं होतं, आणि तुमचा गुडघा आधीच दुखतो म्हणता.

दुसरं, उतार. उलट पायडलचा ब्रेक लांब उतारासाठी नाहीच. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत १९७० च्या दशकात तरुण मुलं १९३०-४० च्या जुन्या श्विन सायकली घेऊन डोंगर उतरायची. हब, म्हणजे चाकाचा मधला गोळा, इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आल्यावर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या वाटेचं नावच ‘रीपॅक’ पडलं. तिथली पहिली शर्यत १९७६ ची. माउंटन बाइकचा जन्म त्या खटपटीतून झाला. म्हणजे क्रूझर डोंगरावर नेणाऱ्यांनीच पुढे तिला गिअर आणि हाताचे ब्रेक लावले. हे लक्षात घ्या.

सुरूबन – १३ फेब्रुवारी

घाटमाथा यांचं उताराबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण ते किनाऱ्यानं जातात ते प्रवासाला. ताईंना बाजारात जायचंय. रोजच्या ४-५ किलोमीटरसाठी लागणारी सायकल वेगळी.

मी दिवेआगरचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावर आलं तेव्हा वाडीतले माड-पोफळी आडवे झाले, रस्ते बंद, वीज कितीतरी दिवस नाही. माझ्याकडे वडिलांची जुनी अ‍ॅटलस होती, काळी, दांडीची. पडलेल्या माडांवरून ती खांद्यावर घेऊन पलीकडे ठेवायची आणि पुन्हा बसायचं. औषधं, मेणबत्त्या, निरोप, सगळं तिच्यावरून पोचवलं. त्याच ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला हे मागाहून कळलं, तेव्हा फार वाईट वाटलं. त्या दिवसांपासून साधी सायकल म्हणजे काय हे मला कळलं. तिच्यात बिघडण्यासारखं थोडंच असतं, आणि जे बिघडतं ते पाना-पक्कड घेऊन सुटतं.

आता मुद्द्याचं. उलट पायडलचा ब्रेक आपल्या हवेला फार चांगला. ब्रेकचं सगळं काम हबच्या पोटात, ग्रीसमध्ये. वाळू लागत नाही, पाऊस लागत नाही, केबल नाही. हाताचा ब्रेक ओल्या स्टीलच्या रिमवर धरतच नाही, हे जुनी सायकल चालवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. हबपासून निघून फ्रेमच्या नळीला चिमट्यानं बांधलेली एक पट्टी असते, ती सैल असेल तर ब्रेक मारल्याबरोबर गरकन फिरते आणि आरे तोडते. चेन पडली की मागचा ब्रेक गेला. आणि सिग्नलला, म्हणजे आपल्याकडे म्हशीला, थांबल्यावर पायडल उलट फिरवून वर आणता येत नाही, म्हणून थांबतानाच एक पाय वर ठेवायची सवय करायची. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही, मग आपोआप जमतं.

जाड टायरचंही सांगतो. शिकागोच्या श्विननं १९३३ साली हा २.१२५ इंची फुगीर टायर सायकलीला आणला. हवा कमी, पोट मोठं. आमच्या जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर तो पुढे लावलेल्या स्प्रिंगपेक्षा जास्त काम करतो, आणि त्यात गंजायला काही नाही. बाजारात हवा भरणारे पोरगे टायर दगडासारखा करून देतात, ते करू देऊ नका. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल आकडा छापलेला असतो. तुमच्या वजनाला ४० पौंडांच्या आसपास पुरेल.

अळूवडी – १३ फेब्रुवारी

+१ सुरूबन. वाचतेय. मलाही घ्यायची आहे.

पोफळवाडी – १५ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. छर्रादादा, तुम्ही सांगितलंत तसं केलं. सीटची नळी जोर लावल्यावर वर आली. पोटातलं भोक बुजलेलं होतं, उकरल्यावर चमचाभर माती आणि थोडी भुकटी, बस. जोड स्वच्छ. मागचं चाक बरं आहे, पुढच्या चाकाचे आरे मात्र तांबडे झालेत आणि तीन तुटलेले. क्रँक एकच सळई आहे, या टोकाकडून त्या टोकाकडे वाकवलेली. मालकांनी ५००० ला द्यायची तयारी दाखवली.

घाटमाथा, तुमची काळजी पटली. पालशेतच्या चढावर मी ती नेऊन बघितली. अर्ध्यात उतरले. पण उतरून ढकलण्यात मला काही वाटत नाही. उताराची भीती मात्र वाटली. काय करता येईल?

छर्रा – १५ फेब्रुवारी

घ्या. आता चढ आणि उतार दोन्हीचा बंदोबस्त सांगतो.

मागचं १८ दात्यांचं चक्र काढून २२ दात्यांचं लावा. उलट पायडलच्या हबवर ते चक्र आट्यांवर नसतं, तीन खाचांत बसतं आणि वर तारेची एक कडी असते. कडी स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची, चक्र बदलायचं, कडी पुन्हा दाबून बसवायची. कडी उडते, म्हणून वर फडकं धरा. चक्र मध्ये किंचित खोलगट असतं. खोलगट बाजू कुठे होती हे काढताना बघून ठेवा, नाहीतर चेन तिरकी धावेल. फ्रीव्हीलवाल्या, म्हणजे पायडल उलटं मोकळं फिरणाऱ्या, सायकलीला वेगळं हत्यार लागतं, तिथे १८ चं फ्रीव्हील कोपऱ्यावर मिळतं, २० किंवा २२ चं मागवावं लागतं.

हिशेब बघा. ४४ ला १८ नं भागून चाकाच्या २६ इंचांनी गुणलं तर साधारण ६४ येतात, २२ नं भागलं तर ५२. एका फेरीत ५ मीटरऐवजी ४ मीटरपेक्षा थोडं जास्त. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी १८ किलोमीटर जाणारी सायकल १५ नं जाईल. बाजारात जायला १५ भरपूर झाले. चढाला पायावरचं ओझं जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं कमी होईल. आणि एक फायदा कुणी सांगत नाही. मागचं चक्र मोठं झालं की उलट दाबल्यावर ब्रेकही तेवढाच जास्त धरतो, कारण चेनला मोठी तरफ मिळते.

चार दाते वाढले की चाक साधारण अर्धा इंच पुढे घ्यावं लागतं. मागची खाच तेवढी लांब असेल तर तीच चेन चालते, नसेल तर एक पूर्ण कडी, म्हणजे एक इंच, वाढवायची. चेन मधोमध बोटानं दाबली की अर्धा इंच हलली पाहिजे. तार ताणल्यासारखी करू नका. चेनव्हील, म्हणजे पुढचं चक्र, थोडं वेडंवाकडं असतंच, म्हणून पायडल पूर्ण फिरवून जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथे मोजा.

आता पुढचा ब्रेक. तो लावल्याशिवाय पालशेतच्या उतारावर जायचं नाही, हे मी मोठा भाऊ म्हणून सांगतो. पुढचं चाक तुम्हाला नाहीतरी विणायचंच आहे. तर ३६ भोकांची अ‍ॅल्युमिनियमची रिम घ्या आणि स्टेनलेसचे आरे. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) डोक्याला मडगार्डचं भोक असेलच, त्यात लांब हातांचा कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्हीकडून दाबणारा ब्रेक, बसतो. भोकापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून मगच घ्या. फुगीर टायरमुळे ते अंतर जास्त असतं आणि साधा कॅलिपर टायरलाच घासतो. उतारावर पुढचा आणि मागचा आलटून पालटून वापरायचा, मधूनमधून थांबून हबला हात लावून बघायचं. चटका बसला तर दोन मिनिटं थांबायचं.

घाटमाथा – १६ फेब्रुवारी

छर्रा यांनी माझं समाधान केलं. ४४ ला २२ आणि पुढे नीट ब्रेक असेल तर माझी हरकत नाही. मी प्रवासाच्या नजरेनं बघत होतो. फक्त ताई, गुहागरहून चिपळूणकडे जायची पाळी आली तर सायकल एसटीच्या टपावर टाका, चालवू नका.

मालवणी_मासो – २० फेब्रुवारी

तुमची गजाल वाचून बरा वाटला. माझी पण बिनगिअरची आसा, तारकर्ली-देवबागच्या रस्त्यार रोज फिरतंय. आता सगळ्यांना कळावं म्हणून नीट लिहितो.

विकत घेताना आपण जेवढा विचार करतो तेवढा नंतर मिठाचा करत नाही. आमच्याकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये जमिनीची पट्टी. इथे सायकलीला दोन शत्रू. एक मीठ आणि दुसरं खोबरेल. हो, खोबरेल. घराघरांत चेनला खोबरेल घालतात, मीही घालायचो. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, पौषातल्या पहाटे चेन मेणचटते, आणि त्या चिकट थरावर बारीक वाळू बसते. मग ती चेन आणि चक्र दोन्ही कानशीसारखी झिजवते. माझी चेन वर्षात लांबली. चेनच्या १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. त्या १२ आणि एक अष्टमांश इंच भरल्या की चेन टाकायची, नाहीतर ती चक्राचे दाते घेऊन जाते.

आता मी नोव्हेंबर ते मे मेण वापरतो. चेन काढून रॉकेल नाहीतर पेट्रोलमध्ये दोनदा धुवायची, पूर्ण वाळवायची. एका टोपात पाणी उकळत ठेवायचं, त्यात जुना डबा, डब्यात साधं पांढरं मेण. मेण थेट आचेवर कधीच ठेवू नका, पेट घेतं. चेन त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून हलवायची, म्हणजे रोळांच्या आत शिरतं. काढून टांगायची. कोरड्या चेनवर वाळू चिकटत नाही, साडीला डागही लागत नाही. पावसाळ्यात मात्र मेण टिकत नाही. जूनला पुन्हा जाड तेल, प्रत्येक रोळावर एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाकायचं. तेल आत हवं, बाहेर नको.

किनाऱ्यावर सायकल घातली तर घरी आल्यावर गोड्या पाण्याचा एक तांब्या हळूहळू ओतायचा. पाइपचा जोराचा फवारा हबवर मारू नका, मीठ निघण्याऐवजी आत ढकललं जातं. ओली सायकल भिंतीला टेकून ठेवू नका, उन्हात वाळवा.

आणि एक विनंती. वाळूत चालवायची तर ओहोटीला, ओल्या घट्ट पट्टीवर. कोरड्या वाळूत सायकल रुतते हे एक. दुसरं म्हणजे थंडीपासून पुढे कासवं तिथेच, भरतीच्या रेषेच्या वर, अंडी घालतात. गुहागरलाही घरटी असतात. त्या भागात चाक नको.

अळूवडी – ३ मार्च

मी घाई केली आणि अडकले. माझ्या आईच्या जुन्या लेडीज सायकलवर २६ लिहिलंय म्हणून २६ x २.१२५ चे टायर मागवले. मेकॅनिक म्हणतो बसणारच नाहीत. दोन्हीकडे २६ च आहे की!

छर्रा – ३ मार्च

तो बरोबर बोलतोय. २६ हा टायरच्या बाहेरचा ढोबळ माप आहे, रिमचा नाही. अपूर्णांकातला २६ x १ ३/८ आणि दशांशातला २६ x २.१२५ हे नातेवाईकसुद्धा नाहीत. पहिल्याची रिम ५९० मिलिमीटरची, दुसऱ्याची ५५९ ची. काळ्या दांडीच्या सायकलचा २८ x १ १/२ तिसराच, ६३५. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ५७-५५९ असं काही छापलेलं असतं. त्यातला तीन आकडी जुळला पाहिजे, मग तोंडानं काहीही म्हणा. पोफळवाडींसाठी हे सोयीचं आहे, कारण ५५९ म्हणजे जुन्या माउंटन बाइकचा माप. त्याचे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावात मिळतात.

टायर परत जात नसतील तर मला निरोप करा, गिऱ्हाईक शोधतो.

पोफळवाडी – २८ मार्च

घेतली! आणि २२ चं चक्रही बसलं. पोस्टानं आलं, कडी मीच काढली, मुलानं फडकं धरलं. चेनला एक कडी वाढवावी लागली. पुढचं चाक चिपळुणात विणून घेतलं, कॅलिपर दुसऱ्या खेपेला बरोबर मापाचा मिळाला.

फसले ते पायडलला. जुनी प्लॅस्टिकची पायडलं तुटायला आली होती म्हणून बाजारातून चांगली रबराची आणली. शिरेनात. दुकानदारानं जोर लावायला सुरुवात केली तेव्हा मी हात धरला. नशीब. घरी येऊन मापलं तर सळईच्या क्रँकचं भोक अर्ध्या इंचाचं, आणि आपल्याकडचं साधं पायडल ९/१६ चं. जोर लावला असता तर आटे गेले असते आणि सळई वाया. अर्ध्या इंचाची मागवली. कुणी अशी सायकल घेत असेल तर आधी क्रँक बघा, छर्रादादांनी पहिल्या दिवशीच का विचारलं होतं ते तेव्हा कळलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे मला माहीत होतं, ते तरी बरं.

गुडघ्याचं सांगते. पहिले दहा दिवस दुखलाच, आणि मला वाटलं घाटमाथा म्हणाले तेच खरं. सीट मी खाली ठेवली होती, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. मग सुरूबन यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं. त्यांनी सांगितलं की पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. म्हणजे चालवताना, चवडा ठेवल्यावर, गुडघ्यात थोडासा बाक राहतो. त्या हिशेबानं सीट चार सेंटिमीटर वर गेली. आता थांबताना सीटवरून पुढे उतरावं लागतं, पण गुडघा गप्प आहे.

सुरूबन – २९ मार्च

आनंद झाला. सीटबद्दल आणखी एक. क्रूझरवर आपण ताठ बसतो म्हणजे सगळं वजन बुडाखालच्या दोन हाडांवर. सीट मागे रुंद हवी आणि नाक किंचितच वर. फार मऊ फोम घेऊ नका, हाडं त्यात बुडतात आणि मधल्या भागावर दाब येतो. स्प्रिंगची जुन्या पद्धतीची सीट उत्तम, फक्त स्प्रिंगांना महिन्याला तेलाचं फडकं फिरवा. आणि साडी किंवा ओढणी असेल तर मागच्या चाकाला जाळी बांधा. हे मी बहिणीच्या अपघातावरून सांगतोय, टाळू नका.

पोफळवाडी – २९ मार्च

जाळी उद्याच. चेनला पूर्ण कव्हर आहे, पण मागच्या चाकाचं डोक्यात आलं नव्हतं.

पोफळवाडी – १४ सप्टेंबर

पावसाळा सरत आला, म्हणून हिशेब देते. पुढे कुणी शोधत आलं तर उपयोग होईल.

जून ते आता एकूण पाच-सहा दिवस सोडले तर सायकल रोज चालली. मेण जूनच्या पहिल्याच आठवड्यात संपलं. एका रात्रीत चेनवर नारिंगी पूड आली. मालवणी_मासो यांनी आधीच सांगितलं होतं, मी दोन दिवस चालढकल केली. तेल घातल्यावर परत आली नाही. सीटची नळी महिन्यातून एकदा काढून पुसून ग्रीस लावून घातली. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि ते केलं नसतं तर नळी आता बसली असती, कारण दर वेळी फडक्यावर तांबडं निघायचं. सीटच्या नटापाशी पाणी आत जातं म्हणून तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चढवलाय. फ्रेमच्या पोटातलं भोक दर रविवारी टाचणीनं उघडते.

मागचा ब्रेक एकदाही दगा देऊन गेला नाही. भर पावसात, चिखलात, जसा होता तसा. पुढचा ओल्यात अर्धाच धरतो, अ‍ॅल्युमिनियमची रिम असूनही, पण दोन्ही मिळून पालशेतचा उतार नीट उतरते. चढ अजून पूर्ण चढत नाही. तीन चतुर्थांश चढते आणि फणसाच्या झाडापाशी उतरते. फेब्रुवारीत त्याच्या पुष्कळ आधी उतरत होते. मागच्या आठवड्यात धोपाव्यापर्यंत एका टेम्पोतून सायकल नेली, फेरीबोटीतून दाभोळला उतरले आणि चंडिका देवीला जाऊन आले. बोटीवर सगळे सायकलच बघत होते.

घाटमाथा – १४ सप्टेंबर

वाचून फार बरं वाटलं. आता सुचवू का? मागे तीन गिअरचं बंद हब मिळतं, त्यातही उलट पायडलचा ब्रेक असतो. गिअर सगळे हबच्या आत, त्यामुळे भाच्याच्या सायकलीसारखं होणार नाही. फणसाच्या पुढेही जाल.

छर्रा – १५ सप्टेंबर

मिळतं, आणि चांगलं असतं. पण ते बिनगिअरच्या हबपेक्षा रुंद असतं. यांच्या फ्रेममध्ये मागच्या चाकाला ११० मिलिमीटर रुंद जागा असणार, त्या हबला जास्त जागा लागते. स्टीलची फ्रेम आहे म्हणून थोडी फाकवता येते, पण दोन्ही बाजू सारख्या फाकवून चाक मधोमध येतंय का ते बघणारा माणूस पाहिजे. शिवाय गिअरची केबल आलीच, आणि हब बिघडलं तर इकडे उघडणारा कुणी नाही. ताई, तुम्हाला हवं असेल तर रत्नागिरीला घेऊन या, मी करून देतो. पण घाई नको. आणखी एक हिवाळा असाच चालवा.

पोफळवाडी – १५ सप्टेंबर

दादा, नको. फणसाखाली उतरले की मी पाणी पिते, तिथे वाराही छान असतो.

मालवणी_मासो – १६ सप्टेंबर

ताई, तुमचं ते काढलेलं १८ चं चक्र अजून आहे का? माझ्या हबला पण तीन खाचांचंच लागतं. माझं २० चं खोबरेलाच्या दिवसांत झिजलं, दाते माशाच्या परांसारखे तिरके झालेत. देवबागच्या रस्त्याला चढ कसला तो नाहीच, मला १८ बरं पडेल.

पोफळवाडी – १६ सप्टेंबर

आहे. तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय, कडीसकट. दाते शाबूत आहेत. पत्ता व्यनि करा, उद्या पोस्टात टाकते. पैसे नकोत. बसवल्यावर खोलगट बाजू आणि चेनची कडी तेवढी बघा, तुमची चेन अर्धी कडी लांब पडेल असं वाटतंय.